बर्नाडीन उभी राहिली

मार्चमध्ये आमच्या बोअरच्या पाण्याचा कागद आला. तपासणीवाल्यांनी एका आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट दहापर्यंत चालतं, आमचं एकतीस निघालं. माझी मुलगी क्लेअर तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती आणि आमच्याकडेच राहत होती. बर्नाडीनने, म्हणजे माझ्या बायकोने, कागद दोनदा वाचला, फ्रीजवर चिकटवला आणि शेगडीवर उकळत असलेलं पाणी मोरीत ओतून दिलं.

"अगं, उकळलंय ते," मी म्हटलं.

"उकळून जात नाही हे. उलट वाढतं. खाली लिहिलंय, वाच."

आमच्या वोलिन गावात जमीन म्हणजे नुसती वाळू. वर जे टाकाल ते दोन पावसांत खाली पोचतं. विस्कॉन्सिनच्या या भागात बटाटा पिकतो तो वाळूमुळेच, आणि आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना हॅलॉक या बड्या मालकाचा बटाटा आहे. एप्रिलपासून त्याची यंत्रं खत मारतात आणि जूनपासून लांबलचक फिरते पाइप रात्रंदिवस पाणी ओढून शेतावर फवारतात. आमच्या गावात सत्तर घरं आहेत आणि सत्तर घरांचं पाणी हॅलॉकच्या शेतांच्याच पोटातून येतं.

आणि मी बावीस वर्षं हॅलॉकच्या शेडमध्ये कामाला. बटाटा धुऊन सरकत्या पट्ट्यावर येतो, मी पट्ट्याशेजारी उभा राहून सडका, फुटका, हिरवा बटाटा उचलून बाजूला टाकतो. हाताला आता डोळ्यांची गरज लागत नाही.

बर्नाडीन शाळेची बस चालवते. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. मधल्या वेळात ती शहरातल्या बहिणीकडे जाऊन निळ्या कॅनमध्ये पाणी भरून आणू लागली. एकेक कॅन वीस किलोचा. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण मला हात लावू द्यायची नाही. "तू तुझे बटाटे उचल," म्हणायची. ती चिडली की आवाज वाढत नाही तिचा, शब्द कमी होतात.

आधी ती आमच्या आमदाराकडे गेली. ट्रेंट बार्टेल, तिसऱ्यांदा निवडून आलेला. चर्चच्या न्याहारीला तो पॅनकेक वाढायला आला होता. बर्नाडीन ताट घेऊन रांगेत उभी राहिली आणि तिचा नंबर आल्यावर तिने पाण्याचं सांगितलं.

"फिल्टर बसवा, मिसेस कुलास," तो म्हणाला. "आजकाल फार चांगले मिळतात." आणि तिच्या ताटात एक पॅनकेक जास्त टाकला.

तो पॅनकेक तिने घरी आणून कुत्र्याला घातला.

मग राजधानीत बोअरच्या कायद्यावर सुनावणी होती तिथं गेली. जायला दोन तास, बसून राहायला पाच तास, बोलायला दोन मिनिटं. तिचं दीड मिनिट झालं तेव्हा बार्टेल उठून कॉफी आणायला गेला. मग ती दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या जिल्ह्यातल्या माणसांकडे गेली. तिथं तिला खुर्ची दिली, बिस्किटं दिली. या वेळी रस्मुसेनबाई उभ्या राहताहेत, त्या सज्जन आहेत, म्हणाले. पाण्याचा प्रश्न खरा आहे, पण आत्ता बटाटेवाल्यांना दुखवून चालणार नाही. आधी जागा येऊ दे, मग बघू.

घरी येऊन तिने बूट काढले आणि तशीच स्टुलावर बसली.

"मी उभी राहतेय," ती म्हणाली.

"कुठं?" मला वाटलं, रस्त्यावर पाटी घेऊन वगैरे.

"विधानसभेला."

क्लेअर हसली. मीही हसलो. बर्नाडीन हसली नाही.

राज्यात 'समान भूमी' नावाचा एक छोटा पक्ष होता. त्यांचं ऑफिस म्हणजे एका निवृत्त पशुवैद्याचं गॅरेज. त्यांनी तिला अर्जाचे कागद दिले आणि म्हणाले, दोनशे मतदारांच्या सह्या आणा, एक जूनच्या आत.

तिने सह्या कशा गोळा केल्या ते मी बघितलंय. बसचा गणवेश बदलून, केस विंचरून, सह्यांचे कागद हातात घेऊन. शुक्रवारी दारूच्या गुत्त्यात तळलेले मासे खायला लोक यायचे तेव्हा ती दारात उभी. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी. सह्या देणारे देत होते, पण त्याआधी दोन शब्द ऐकवत होते.

"बर्नाडीन, आता आम्ही तुला मॅडम म्हणायचं का?"

"बस कोण चालवणार मग? बार्टेल?"

"तिसऱ्याला मत म्हणजे शेकोटीत मत."

ती म्हणायची, "मत नंतर दे. आत्ता सही दे. आणि गावाचं नाव नीट लिही."

लोकांनी नीट लिहिलं नाही. मे महिन्यात नातू झाला, त्याच आठवड्यात तिने दोनशे अठ्ठेचाळीस सह्या नेऊन दिल्या. तीन दिवसांनी पत्र आलं. त्यातल्या एकसष्ट सह्यांवर हरकत घेतली होती. कुणी गावाऐवजी पोस्टाचं नाव लिहिलं होतं, कुणी तारीख टाकली नव्हती. हरकत बार्टेलच्या लोकांनी घेतली नव्हती. ती घेतली होती बिस्किटवाल्यांनी.

"तेच म्हणाले ना, प्रश्न खरा आहे म्हणून," बर्नाडीन पत्राकडे बघत म्हणाली. "मग मला का कापताहेत?"

"तू त्यांची मतं खाशील अशी भीती आहे त्यांना."

"मतं लोकांची असतात, रोमन. त्यांची कधीपासून झाली?"

दुरुस्तीला तीन दिवसांची मुदत होती. प्रत्येकाकडून शपथेचा कागद लिहून आणायचा. तिने बस चालवून उरलेल्या वेळात पुन्हा घरं पालथी घातली. आमची शेजारीण लुसिल, जिच्याबरोबर बर्नाडीनने तीस वर्षं लोणची घातली, तिने दार अर्धंच उघडलं.

"मी सही दिली ती तुझ्यासाठी दिली," लुसिल म्हणाली. "पण आता वकीलबिकील आलेत त्यात. रस्मुसेनबाई चांगल्या आहेत गं. तू कशाला मधे?"

"तुझं पाणी तपासलंस का?"

"नाही तपासलं. आणि तपासणारही नाही. मला त्याच घरात राहायचंय."

त्या एकसष्टांतल्या सतरा सह्या परत मिळाल्या. शेवटी दोनशे चार भरल्या. चार सह्यांनी माझी बायको उमेदवार झाली.

जूनपासून मला शेडमध्ये त्रास सुरू झाला. आमचा मुकादम लाइल ऑसगूड. तोंडावर काही बोलायचा नाही. पहिल्या दिवशी माझ्या कपाटावर कुणीतरी 'आमदारीणबाईंचा नवरा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाइल म्हणाला, "रोमन, खालच्या खड्ड्यावर माणूस कमी आहे. तू जा थोडे दिवस."

खड्डा म्हणजे सडक्या बटाट्यांचा. पट्ट्यावरून बाजूला काढलेला माल तिथं पडतो. फावड्याने उचलून गाड्यात भरायचा. सडका बटाटा हातात धरला तर साल राहते आणि आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं. त्या वासाला मेलेल्या जनावराचा वास म्हणतात, पण मेलेलं जनावर बरं. हे काम नव्या पोरांना देतात. मी साठीला आलेला, साखरेचा रोगी, बावीस वर्षांचा जुना.

खड्ड्यावर माझ्याबरोबर मारिसेला होती. चाळिशीची बाई, मेक्सिकोची, नऊ वर्षं इथं. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गाड्याची जड बाजू स्वतःकडे घेतली.

"तू काय केलंस?" तिने विचारलं.

"मी काही नाही. बायकोने केलं."

"चांगलं की वाईट?"

"निवडणुकीला उभी आहे."

ती हसली. "मग तू इथं का उभा?"

मी घरी हे सांगत नव्हतो. पण वास लपत नाही. बर्नाडीनने दारातच माझा शर्ट काढून घेतला, नाकाजवळ नेला.

"कधीपासून?"

"आठ दिवस."

ती शर्ट धरून उभी राहिली. मला वाटलं म्हणेल, मी नाव मागे घेते. मला, खरं सांगतो, ते हवंही होतं. ती म्हणाली, "उद्यापासून वेगळे कपडे घालून जा. शर्ट मी बाहेर धुवेन." आणि कॅनमधलं पाणी बादलीत न घालता तिने बोअरचा नळ सोडला. "त्याचाच वास आहे, त्याच्याच पाण्याने जाऊ दे."

सप्टेंबरात बटाट्याची काढणी ऐन भरात होती तेव्हा जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली होती. बर्नाडीनला बोलावणं नव्हतं. ठेवणाऱ्यांनी सांगितलं, मतांच्या पाहणीत ज्यांना दहा टक्के आहेत त्यांनाच बोलवतो. पाहणीत तिचं नावच नव्हतं, मग टक्के कुठून येणार, असं तिने फोनवर विचारलं. त्यावर त्यांनी शुभेच्छा दिल्या.

तरी ती गेली. मीही गेलो, शिफ्ट संपवून, अंग घासून घासून. हॉल भरलेला. मंचावर दोन खुर्च्या. बार्टेल एका खुर्चीत, रस्मुसेनबाई दुसरीत. मी तिसऱ्या रांगेत बसलो आणि बसल्यावर कळलं की माझ्या पाठीमागेच लाइल बसलाय, शेजारी हॅलॉकचा धाकटा मुलगा.

बर्नाडीन मधल्या वाटेने आली. हातात आमची मासेमारीची घडीची खुर्ची. सावकाश पायऱ्या चढली, गुडघ्याला हात लावत. दोन खुर्च्यांच्या शेजारी तिने ती खुर्ची उघडली आणि बसली. निळा फ्रॉक, चर्चचा.

निवेदक माइकमध्ये म्हणाला, "बाई, आपण कृपा करून—"

"मतपत्रिकेवर तीन नावं आहेत," ती म्हणाली. तिच्यासमोर माइक नव्हता, तरी मागपर्यंत ऐकू गेलं. बसमध्ये पन्नास पोरांवरून बोलायची सवय.

बार्टेल समोर बघून हसत राहिला. रस्मुसेनबाईंनी मान खाली घातली आणि कागद सारखे केले. शेरीफचा एक शिपाई मंचावर गेला. पंचविशीतला, दणकट.

"बाई, खाली चला."

"तू कोडी ना?" बर्नाडीन म्हणाली. "सहा वर्षं माझ्या बसमध्ये होतास. वळणावर ओकायचास."

लोक हसले. कोडीचे कान लाल झाले. "हो बाई," तो म्हणाला. "पण खाली चला. मला सांगितलंय."

"खुर्ची घेऊन जायचीय तर घेऊन जा. मी उभी राहते."

ती उठली. त्याने खुर्चीची घडी घातली, नीट, हळू, आणि काखेत मारून खाली उतरला. मग परत वर जाऊन त्याने तिचा दंड धरला. जोराने नाही. पण धरला. माझ्या बायकोला दंडाला धरून तीनशे माणसांसमोर पायऱ्या उतरवल्या आणि शेवटच्या पायरीवर तिचा गुडघा लचकला. तिने हात पुढं केला, धरायला काही नव्हतं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. चार पावलांवर.

मी उठलो नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. मानेवर लाइलची नजर जाणवत होती. मी बटाट्यासारखा बसून राहिलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण जिला सांगायला हवं तिने ते बघितलं.

पुढचा दीड तास ती भिंतीला टेकून उभी होती. लोक सिगरेट ओढायला बाहेर गेले की ती त्यांच्यामागे जायची, पार्किंगमध्ये गाड्यांमधे उभी राहून बोलायची. आत पाण्यावर एकही प्रश्न आला नाही.

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, "मागे लाइल होता."

"बघितला मी."

"विमा आहे माझ्या नोकरीवर. इन्सुलिन—"

"मी काही म्हटलं का?"

नव्हतं म्हटलं. ऑक्टोबरभर ती काहीच म्हणाली नाही. बस चालवायची, पाणी आणायची, मग अंधार पडेपर्यंत दारं ठोठवायची. एका घरात तिच्यावर कुत्रा सोडला, फ्रॉक फाटला. दुसऱ्या घरात एका म्हाताऱ्याने तिला आत बोलावलं, चष्मा पुसून पत्रक अख्खं वाचलं आणि म्हणाला, "माझी बायको या पाण्याने गेली असेल का गं?" ती तिथं तासभर बसली. त्या दिवशी एकच घर झालं.

नोव्हेंबरात मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती बसची काच खरवडत होती, दव गोठलं होतं, तेव्हा क्लेअरने बाहेर येऊन फोनमधून आकडे वाचले. बार्टेल तेरा हजार चारशे बारा. रस्मुसेन बारा हजार आठशे सत्तर. बर्नाडीन कुलास एक हजार नऊशे शेहेचाळीस.

"आपल्या गावात?" बर्नाडीनने विचारलं.

क्लेअरने शोधलं. "वोलिनमध्ये तू पहिली. त्र्याऐंशी."

तिने मान हलवली आणि काच खरवडत राहिली.

त्या आठवड्यात तिला कुणी सोडलं नाही. दुकानात लुसिलने सामानाची ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत नेली आणि तिथून, लोकांना ऐकू जाईल असं, म्हणाली, "पाचशे मतांनी पडल्या रस्मुसेनबाई. मिळालं समाधान?"

बर्नाडीनने हातातला ब्रेड खाली ठेवला. "लुसिल, तुझ्या त्या बाईंना पाण्यावर एक शब्द बोलायला काय झालं होतं? एक शब्द बोलल्या असत्या तर मी घरी बसले असते. तू जाऊन त्यांना विचार. मला नको विचारू."

लुसिल गेली. ती अजून बोलत नाही.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी शेडमध्ये सगळ्यांना भाजायला एकेक टर्की कोंबडी मिळते. दरवर्षीची पद्धत. त्या दिवशी लाइल टेबलामागे उभा राहून वाटत होता. माझा नंबर आला तेव्हा त्याने खालून दुसरी काढली, इतरांपेक्षा मोठी, वर रिबीन लावलेली. एक कार्ड होतं. 'मिसेस कुलास यांना, मनापासून आभार.' खाली हॅलॉकच्या धाकट्या मुलाची सही.

"तिच्यामुळे बार्टेल वाचला," लाइल म्हणाला. "मालक म्हणाले, घरी काहीतरी पाठवायलाच हवं." मागे रांगेत दोघे-तिघे हसले. "आणि तू उद्यापासून परत पट्ट्यावर ये. झालं ते झालं."

मी टर्की उचलली. गोठलेली होती, दगडासारखी. डोक्यात काय चाललं होतं ते मला आठवत नाही. मी खड्ड्यापाशी गेलो आणि ती सडक्या बटाट्यांत फेकली. रिबीनसकट ती आत रुतली. मग हातमोजे काढून तिच्यावर टाकले आणि बाहेर पडलो. मारिसेला फावडं धरून बघत होती.

मी सरळ बसच्या आगारात गेलो. बर्नाडीन बसमध्ये झाडत होती, दोन सीटांमधून च्युइंगमचे कागद काढत. मी सगळं सांगितलं. कार्डाचंही सांगितलं. मला वाटलं, सप्टेंबरचं काहीतरी फिटलं.

तिने झाडू टेकवला.

"काम सोडून आलास?"

"हो."

"मी सांगितलं होतं?"

"अगं, त्यांनी तुला—"

"त्यांनी मला काय केलं ते मला माहितीय. ते मी सहन केलं, तू नाही. तुझं इन्सुलिन कुठून आणू मी? बसवर विमा नाही मला. तुला राग आला म्हणून तू घरी आलास. माझा राग आठ महिन्यांचा आहे, रोमन, आणि मी रोज सकाळी पाचला उठतेय."

मी सीटवर बसलो. लहान पोरांची सीट, गुडघे छातीला लागले.

"उद्या जा," ती म्हणाली. "तुला काढायचं तर त्यांनी काढावं, लेखी, कारण लिहून. आपण होऊन त्यांची सोय करायची नाही."

"मला लाज वाटेल."

"वाटू दे. हॉलमध्ये वाटली असती तर बरं झालं असतं."

हेच ती अडीच महिने तोंडात धरून होती. ते बाहेर आलं आणि तिने परत झाडू उचलला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. लाइलने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मला काढलं नाही. कारण लिहायला लागलं असतं. त्याने फक्त बोटाने खड्डा दाखवला. पट्ट्याचं कुणी काही बोललं नाही. माझे हातमोजे मारिसेलाने उचलून, धुऊन, खिळ्याला अडकवून ठेवले होते.

गाडा भरताना तिने विचारलं, "किती मतं पडली तुझ्या बायकोला?"

"एकोणीसशे शेहेचाळीस."

"आमच्या ट्रेलरांकडे ती आलीच नाही. मी वाट बघत होते."

हॅलॉकच्या कामगारांचे ट्रेलर, म्हणजे चाकांवरची पत्र्याची घरं, हायवेपलीकडे आहेत, पाइनच्या रांगेमागे. अकरा ट्रेलर, एक बोअर.

"तिथं कुणी इथलं नागरिक नाही, मत नाही ना, मारिसेला," मी म्हटलं.

"मत नाही." तिने फावडं खुपसलं. "पाणी तेच पितो आम्ही. चौतीस माणसं. बहिणीची मुलगी पोटुशी आहे."

संध्याकाळी मी हे बर्नाडीनला सांगितलं. ती नातवाची बाटली धूत होती, कॅनच्या पाण्याने. मला वाटलं, आता हॅलॉकला शिव्या देईल.

"मी त्या रस्त्यावरून रोज बस नेते," ती म्हणाली. "तिथली सहा पोरं माझ्या बसमध्ये असतात. आणि मतदारांची यादी हातात घेऊन मी दारोदार फिरले. यादीत नाव नाही तिथं गाडी थांबवली नाही. बार्टेलसारखंच केलं मी." बाटली तिने इतक्या जोराने ओट्यावर ठेवली की आतल्या खोलीत बाळ दचकलं. "त्याच्याहून वाईट. त्याने नुसतं ऐकलं होतं, माझ्या घरात तेच पाणी होतं."

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही दोघं गेलो. बाहेर हरणांच्या शिकारीचे बार वाजत होते, बर्फ पायाखाली करकरत होतं. तपासणीच्या अकरा रिकाम्या बाटल्या तिने खोक्यात घेतल्या होत्या. मारिसेला पहिल्या ट्रेलरच्या दारात उभी होती. आत तिची बहीण, आणि शेगडीशेजारी स्टुलावर ती पोटुशी मुलगी, हातात पाण्याचा पेला.

बहिणीने बर्नाडीनकडे बघून काहीतरी विचारलं.

"विचारतेय, तू जिंकलीस का?" मारिसेला म्हणाली.

"नाही."

बहीण पुन्हा बोलली. मारिसेला जरा घुटमळली. "विचारतेय, मग आता कशाला आलीस?"

बर्नाडीनने बाटलीचं झाकण फिरवून काढलं. तिचे हात थंडीने लाल झाले होते. "तिला सांग, आधी यायला हवं होतं. चुकलं माझं."

मारिसेलाने सांगितलं. बहिणीने पुढं होऊन मुलीच्या हातातला पेला काढून घेतला, पाणी मोरीत ओतलं, नळ पूर्ण सोडला आणि बर्नाडीनला बाटली भरता यावी म्हणून बाजूला सरली.